स्वानंद पी., पुरुष, ४२

ऊन अजून घरात शिरलेले नव्हते. ते कुंपणावरच्या जास्वंदीपाशी थबकले होते, आणि तिथून पायरीवर, पायरीवरून उंबऱ्यावर असे एखाद्या संकोची पाहुण्यासारखे सरकत होते. फेब्रुवारीतल्या रायपूरच्या सकाळी ऊन असेच येते. शंकर नगरच्या रस्त्यावर दूधवाल्यांची आणि शाळेच्या रिक्षांची कितीही धांदल उडालेली असो, त्याला कशाची घाई नसते. मग ते खिडकीच्या गजांमधून आत आले. मोझेकच्या फरशीवर चौकटी उमटल्या. एक चौकट खुर्चीच्या पायाशी वाकली, एक भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर चढली, आणि तिसरी, सगळ्यांत सावकाश, टीपॉयवर ठेवलेल्या ट्रेपर्यंत येऊन पोचली. ट्रेमध्ये रक्ताच्या नमुन्यांच्या रिकाम्या नळ्या ओळीने उभ्या होत्या. जांभळ्या झाकणाच्या, पिवळ्या झाकणाच्या, करड्या झाकणाच्या. कडेला पांढऱ्या झाकणाची प्लास्टिकची एक डबी होती, लघवीच्या तपासणीसाठी देतात तसली. तिच्यातल्या मधाळ रंगाच्या द्रवातून ऊन आरपार गेले आणि टीपॉयवरच्या विणलेल्या पांढऱ्या रुमालावर नाण्याएवढा एक सोनेरी ठिपका थरथरत उभा राहिला.

भार्गव पिंपळापुरे त्या ठिपक्याकडे बघत होता. त्या खोलीतली सर्वांत देखणी गोष्ट तीच होती, आणि ती बघताना त्याच्या घशाशी आंबट पाणी येत होते.

"झालं का तुझं?" विमलाकाकूंनी विचारले. बाही वर सारून, हात उशीवर ठेवून त्या केव्हाच्या बसल्या होत्या. "रातच्यापासून उपाशी आहो मी. चहा पन नाही घेतला."

"हो काकू. एक मिनिट."

तो हातांची वाट पाहत होता. गेली बारा वर्षे भार्गव एका पॅथॉलॉजी लॅबसाठी सकाळी घरोघर जाऊन रक्ताचे नमुने गोळा करत आला होता, आणि त्या बारा वर्षांपैकी दहा वर्षे त्याच्या हलक्या हाताचा लौकिक होता. सुई कधी गेली आणि कधी निघाली ते कळत नाही, असे लोक म्हणत. तान्ह्या बाळांचे रक्त काढायचे असले की लॅबचे मालक डॉक्टर नरहर त्यालाच पाठवत. अलीकडे मात्र हात सकाळी काही वेळ त्याचे ऐकत नसत. थोडा वेळ गेला, थोडी सोय केली की ते ऐकू लागत. आज सोय करूनही ऐकत नव्हते.

विमलाकाकू त्याच्या आईच्या मैत्रीण. मुलींच्या शाळेत त्यांनी तेहतीस वर्षे मराठी आणि हिंदी शिकवले होते, आणि निवृत्त होऊन इतका काळ लोटला तरी दिसेल ते अक्षर वाचल्याशिवाय त्यांना राहवत नसे. त्यांनी ट्रेकडे वाकून पाहिले.

"हा स्वानंद पी. कोण? पुरुष, बेचाळीस. आमच्या गल्लीतला का?"

"नाही काकू. तिकडचा आहे एक पेशंट."

"अक्षर तुझंच आहे. चांगलं आहे अजून."

त्याने रबरी पट्टा त्यांच्या दंडाला आवळला. शीर दिसत होती. वयस्क, निळी, आज्ञाधारक शीर. पहिल्यांदा सुई तिच्या बाजूने निघून गेली. दुसऱ्यांदा ती शिरेतून पार खाली उतरली. तिसऱ्यांदा त्याने सुई आतल्या आत वळवून पाहिली, आणि काकूंच्या ओठांतून हवेसारखा काहीतरी आवाज निघाला. रक्त आले, पण कुरकुरत, थेंबाथेंबाने. त्याने सिरिंजचा दट्ट्या जोराने ओढला. कोपराच्या खोबणीत कातडीखाली बोराएवढा फुगवटा वर आला. तो कापूस दाबायला वाकला तेव्हा त्याचा चेहरा काकूंच्या चेहऱ्यापाशी आला, आणि काकूंच्या नाकपुड्या किंचित आखडल्या.

काकूंनी हात काढून घेतला. त्या उठल्या आणि मागच्या बेसिनपाशी गेल्या. भार्गवला बसल्या जागेवरून दिसत होते: त्या साबण लावत होत्या, आणि तो जखमेला नव्हे. जखमेच्या वर, जिथे त्याची बोटे टेकली होती, तिथे त्या पुन्हा पुन्हा साबण चोळत होत्या. नळ बराच वेळ वाहत राहिला.

ती किळस होती. भार्गवला ती ओळखू आली, कारण स्वतः त्याला ती कधी वाटली नव्हती. पू, बेडका, मळ, यांतल्या कशानेही त्याने आजवर नाक मुरडले नव्हते. भार्गव भैयाला घिन येतच नाही, असे लॅबमधली सोनिया नव्या मुलींना कौतुकाने सांगे. माणसाच्या शरीरातून जे जे बाहेर पडते त्या सगळ्याला त्याने नावाची चिठ्ठी लावली होती, आणि चिठ्ठी लावली की त्या वस्तूची घाण निघून जाते, हे त्याला धंद्याने शिकवले होते.

काकू परत आल्या. त्यांनी अतिशय हळू विचारले, "भार्गव, तू घेऊन आला का?"

'घेणे' हा शब्द पिंपळापुऱ्यांच्या घरात फार जुना होता. भार्गवचे वडील यशवंतराव संध्याकाळी थोडी घेत. आई, सुशीलाबाई, शेजारणींना सांगे, यांना थकवा येतो, म्हणून जरा घेतात. लग्न होऊन आलेल्या भार्गवच्या बायकोने, निवेदितेनेही तो शब्द न शिकवता उचलला. घेण्यात तळलेले शेंगदाणे होते, गप्पा होत्या, पांढरा सदरा होता. दारू 'पिणारे' लोक वेगळे. ते भनपुरीला ट्रकच्या चाकाला टेकून बसत, नालीच्या कडेला आडवे होत, त्यांच्या तोंडावर माशा बसत. त्यांच्यासाठी ते दुसरे, उघडे क्रियापद होते आणि ते पिंपळापुऱ्यांच्या उंबऱ्याच्या आत कधी आले नव्हते.

"नाही काकू," भार्गव म्हणाला. "खोकल्याचं औषध घेतलं."

काकूंनी तेहतीस वर्षे गृहपाठ न करणाऱ्या मुलींच्या सबबी ऐकल्या होत्या. त्यांनी बाही खाली सारली.

दुपारी सोनियाने त्याला बाजूला घेऊन सांगितले की विमला मॅडमचा नमुना खराब झाला. रक्तावर सुटणारे पाणी पिवळे निघायला हवे, ते पूर्ण लाल आले आहे. "भैया, दुबारा लेना पड़ेगा," ती म्हणाली, आणि त्याच्या हातांकडे न पाहण्याची काळजी घेत निघून गेली. त्याने काकूंना फोन लावला. काकूंनी सोमवार सांगितला. फोन ठेवण्याआधी त्या थांबल्या.

"आज गुरुवार. चार दिवस आहेत तुले. त्यांची मंडळी असते म्हणे कुठंतरी, सोडणाऱ्यांची. शोध अन् जाऊन ये. सोमवारी मले येऊन सांग. नाही गेला, तर मी नरहरले फोन करते."

"काकू, तुम्ही उगीच काहीतरी..."

"माझा हात म्हातारा आहे, पोरा. निळा झाला तर झाला. पन तू लेकरांचं रक्त काढतो."

त्या दिवशी संध्याकाळी लॅबच्या मागच्या गुलमोहराखाली स्कूटरवर बसून त्याने मोबाइलवर शोध घेतला. बहुतेक ठिकाणी नशामुक्ती केंद्रांच्या जाहिराती होत्या. त्यांत बाटली फोडणाऱ्या मुठी आणि रडणाऱ्या बायका. त्याला त्या चित्रांचीही शिसारी आली. एका ठिकाणी फक्त एक नंबर आणि पत्ता होता: सदर बाजारामागची गल्ली, धर्मादाय दवाखान्याची माडी, रविवारी सायंकाळी सहा. नंबर लावला तेव्हा एका थकलेल्या पुरुषाने हिंदीत विचारले की कोणासाठी विचारता आहात.

"भैया के लिए," भार्गव म्हणाला. ते इतक्या सहज तोंडातून निघाले की त्याचे त्यालाच बरे वाटले. "बड़े भैया. बहुत पीते हैं."

पलीकडून कोणतेही आश्चर्य व्यक्त झाले नाही. भैया येत नसतील तर तुम्हीच या, तो माणूस म्हणाला. बरेच जण भावासाठी येतात.

मग भार्गवने बॅगेतून पांढऱ्या झाकणाची डबी काढली. तिच्यावरची चिठ्ठी त्याने स्वतःच लिहिलेली होती. ही युक्ती सुचली त्याला आता दोन वर्षे झाली होती. बाटली कोणीही ओळखतो, पाण्याच्या बाटलीचा वास येतो, पण नमुने गोळा करणाऱ्याच्या बॅगेतली लघवीची डबी जगात कोणी उघडून पाहत नाही. डबी नवी, निर्जंतुक, सीलबंद असे. त्यात अशुद्ध काहीच नव्हते, असे तो स्वतःला बजावत असे. नाव मात्र हवे होते. एका सकाळी समोर आले ते नाव त्याने लिहिले होते, वय अंदाजाने घातले होते. त्याने झाकण फिरवले, डोळे मिटले आणि घेतले.

रविवारी सहाला तो पोचला तेव्हा सदर बाजारात सराफांच्या दुकानांपुढे दुचाक्यांची इतकी गर्दी होती की स्कूटर त्याला लांबच लावावी लागली. माडीवरच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडल्या होत्या. खोलीला एक वास होता: जुन्या घामाचा, फिनाइलचा, तंबाखूचा, आणि त्या सगळ्यांच्या तळाशी असलेला, धुऊनही न गेलेला असा एक आंबूस वास. सात पुरुष होते. एकाच्या पायाचे नख काळे पडून वाकले होते. एकाच्या शर्टाच्या कॉलरवर पान ओघळून वाळले होते. एक म्हातारा कोपऱ्यात बसून गुडाखू, ती तंबाखूची काळी लगदी, बोटावर घेऊन हिरड्यांवर चोळत होता आणि ते बोट खुर्चीच्या खालच्या अंगाला पुसत होता. भार्गवने आपली खुर्ची अर्धी वीत मागे घेतली. या माणसांच्या रक्ताला, थुंकीला हात लावायला त्याची ना नव्हती. त्यांच्या शेजारी बसणे त्याला सोसवत नव्हते.

एकेक जण आपले नाव सांगे, त्यापुढे 'शराबी' असे जोडी, आणि बाकीचे त्याला नमस्ते म्हणत. ज्या सुरात लोक रेशनच्या रांगेत कार्डाचा क्रमांक सांगतात त्याच सुरात. गुडाखूवाला म्हातारा म्हणाला की तो पांडुरंग, रेल्वेत गँगमन होता, भनपुरीला राहतो, शराबी आहे. मग तो मोडक्या हिंदीत बोलू लागला. एकदा घरात सगळे झोपलेले असताना त्याला ओकारी आली, मोरीपर्यंत जाववले नाही, समोर नातीचे दप्तर होते. त्यात ओकला. ओकून झाल्यावर त्याने दप्तराची चेन नीट लावून दिली. नात सकाळी ते घेऊन शाळेत गेली.

पांडुरंग हे रडत सांगत नव्हता. तो ते अशा बारकाईने सांगत होता, की जणू कुठल्या रुळाची कुठली खिळी ढिली झाली होती ते दाखवतो आहे. त्याला वाटले, उठावे आणि जिना उतरावा. या माणसाच्या आणि आपल्या मध्ये कुठेतरी एक भिंत असली पाहिजे, आणि ती आहे, हे कोणाकडून तरी लेखी घ्यावे.

त्याची पाळी आली. त्याने सांगितले की तो आपल्या भावासाठी आला आहे.

"मराठी हाये का तुमी?" पांडुरंगने मध्येच विचारले. भार्गवच्या हिंदीतल्या कुठल्या तरी अक्षराने चुगली केली असावी. "मंग मराठीत सांगा. समजते सगळ्याईले थोडं थोडं."

"माझा भाऊ आहे, स्वानंद," भार्गव म्हणाला. "तो... थोडी जास्त घेतो."

"घेते?" पांडुरंगने हिरडीवरून जीभ फिरवली. "आपल्या मराठीत लय सोय हाये बाप्पा. मी बी बत्तीस वर्स घेतच होतो. घ्याले तो का परसाद होय?"

दोघे-तिघे हसले. भार्गवचे कान तापले. त्यांना आपल्या भावाची ओळखच नाही, असे त्याला वाटले, आणि तो भावाची बाजू मांडू लागला. स्वानंद शिकलेला आहे. स्वानंद कधी रस्त्यावर पडला नाही, कधी कोणावर हात उगारला नाही. कामावर वेळेवर जातो. इतका नीटनेटका, की घरच्यांनासुद्धा बाटली कधी दिसली नाही. तो लघवीच्या नमुन्याच्या नव्या डब्यांत भरून ठेवतो, वर चिठ्ठी लावतो. कोणाला कळत नाही.

पान ओघळलेल्या कॉलरचा माणूस, जो थोड्या वेळापूर्वी आपण नालीतली बाटली उचलून प्यायलो असे सांगत होता, त्याने तोंड वाकडे केले.

"छी," तो म्हणाला. "उसी में पीता है?"

"डिब्बी नई रहती है," भार्गवने सांगितले. "एकदम साफ."

काळ्या नखाच्या माणसाने आपली खुर्ची फरशीवर करकरत थोडी बाजूला घेतली. बहुधा पाय अवघडला म्हणून घेतली असेल. भार्गव ती करकर ऐकत राहिला. बेसिनचा नळ पुन्हा सुरू झाल्यासारखे त्याला वाटले.

चहाची वेळ झाली. नव्याने आलेल्याने चहा करायला हात लावावा अशी तिथे रीत होती. फोनवरच्या आवाजाचा माणूस म्हणजे कपाटाशी उभा असलेला टकला गृहस्थ निघाला. पातेल्यात पाणी उकळत होते. साखर कपाटातल्या स्टीलच्या डब्यात आहे, असे त्याने सांगितले, आणि वर बजावले, "गुरुवार वाली दीदी लोगों का डब्बा है. ठीक से बंद करना."

गुरुवारी दुपारी याच खोलीत घरच्यांची बैठक असते, पिणाऱ्यांच्या बायकांची, आयांची, असे पलीकडून कोणीतरी समजावून सांगत होते. भार्गवने डबा उचलला होता आणि त्याचा अंगठा एका ओळखीच्या खडबडीवर टेकला होता.

डब्याच्या पोटावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले होते: सौ. सुशीला पिंपळापुरे, अधिक मास. तो 'ळ' साधा नव्हता. याच सदर बाजारातल्या भांड्यांच्या दुकानात नाव घालणारा कारागीर हिंदी बोलणारा होता. त्याने आधी 'पिंपलापुरे' कोरले. आई दुकानातच हटून बसली. आमच्या नावात तो 'ल' नाही, असे तिने त्याला कागदावर काढून दाखवले, आणि वैतागलेल्या कारागिराने त्या 'ल'च्याच पोटात आणखी एक वेटोळे घातले. तेव्हापासून त्या अक्षराकडे पाहिले की आई म्हणे, रायपुरात येऊन आपला 'ळ' गर्भार राहिला. असे अक्षर साऱ्या गावात दुसऱ्या कुठल्या भांड्यावर असणे शक्य नव्हते.

घरी हा डबा हरवला होता. निवेदिता म्हणाली होती, सापडत नाही. आणि साखर प्लास्टिकच्या बरणीत गेली होती. दर गुरुवारी दुपारी ती मंडळाच्या भजनाला जात होती. किती महिने? दिवाळीच्या आधीपासून. भार्गवला कधी विचारावेसे वाटले नव्हते की कोणती भजने म्हणता. ती गप्प झाली होती, भांडत नव्हती, बॅग तपासत नव्हती, आणि तो त्या गप्प राहण्याला समजूतदारपणा म्हणत आला होता. ती इथे बसत होती. कदाचित त्याच खुर्चीवर. आणि तिची पाळी आली की कोणत्या तरी भाषेत, कोणत्या तरी क्रियापदाने, ती काहीतरी सांगत होती.

त्याने साखर घातली. किती चमचे घातले ते त्याला समजले नाही. झाकण मात्र नीट बसवले.

चहा न घेताच तो जिना उतरला. पांडुरंग त्याच्या मागोमाग कठड्याला धरून एकेक पायरी खाली आला. गल्लीत पोचेपर्यंत त्याला दम लागला होता.

"भाऊले म्हना, एकदम सोडू नोको. आंग थरथरते, झटके येते. पहिले डॉक्टरले दाखव म्हना."

"सांगतो."

"अन् पुढच्या ऐतवारी या." पांडुरंग थुंकला, पायाने त्यावर माती ओढली. "मी बी पहिले तीन ऐतवार साळ्यासाठी आलो होतो. लय सांगितलं साळ्याचं. असा पिते, तसा पडते."

भार्गवने खिशातून स्कूटरची चावी काढली.

"मले साळा नाही," पांडुरंग म्हणाला, आणि कठडा धरून पुन्हा वर चढू लागला.

भार्गव घरी पोचला तेव्हा निवेदिता ओट्याशी उभी होती. त्यांची मुलगी श्रावणी पुस्तकात डोके घालून बसली होती, तिने न पाहताच "पापा, कहाँ गए थे?" असे विचारले आणि उत्तराची वाट पाहिली नाही. त्याने बूट काढले. त्याच्या कपड्यांना त्या खोलीचा वास लागलेला होता: फिनाइल, घाम, तंबाखू. निवेदिता वळली. तिने एकदा श्वास आत घेतला, आणि तो आतच धरून ठेवला. तो वास ती ओळखत होती. वास ओळखायला त्या घरात तिला कोणी शिकवायची गरज उरली नव्हती.

"चहा घेता?" तिने विचारले.

"हो."

तिने प्लास्टिकची बरणी पुढे ओढली. झाकण फिरवताना तिचे बोट घसरले, थोडी साखर ओट्यावर सांडली. दोघेही त्या सांडलेल्या साखरेकडे पाहत राहिले. मग तिने ती तळहाताच्या कडेने गोळा केली आणि पातेल्यात टाकली. बोलायला दोघांकडेही पुष्कळ होते. पातेल्यातला चहा वर येऊ लागला, तेव्हा तिने गॅस बारीक केला.

सोमवारी सकाळी विमलाकाकूंच्या दारात भार्गवबरोबर सोनिया उभी होती. रस्त्यात त्याने तिला एवढेच सांगितले होते की आज सुई तू लावायची, मी ट्रे धरीन. तिने कारण विचारले नव्हते. काकूंनी दोघांना आत घेतले आणि हात उशीवर ठेवला. उजव्या हातावरचा डाग आता काळानिळा उरला नव्हता. कडेने तो हिरवट, पिवळट होत गेला होता, नासत चाललेल्या फळासारखा. भार्गवने त्यावरून नजर काढली नाही. हे आपण केलेले आहे, असे तो पाठ करत असल्यासारखे मनात म्हणत होता.

"बायाँ हाथ दीजिए, आंटी," सोनिया म्हणाली. तिची सुई पहिल्याच वेळी गेली. नळी शांतपणे भरू लागली.

भार्गवने ट्रे दोन्ही हातांनी धरला होता. पहाटेपासून त्याने तोंडाला काही लावले नव्हते आणि हात लपवण्याजोगे राहिले नव्हते. रिकाम्या नळ्या खाचांमध्ये एकमेकींवर किणकिणत होत्या. तो आवाज खोलीत सगळ्यांना ऐकू जात होता. ट्रे खाली ठेवता आला असता. त्याने ठेवला नाही. दहाला त्याला डॉक्टर नरहरांकडे जायचे होते, आणि तिथेही हे हात असेच घेऊन जायचे होते.

ऊन खिडकीतून आत आले होते. चौकटी फरशीवरून सरकत ट्रेपर्यंत आल्या. कडेच्या खाचेत पांढऱ्या झाकणाची डबी होती, काठोकाठ भरलेली, भरल्यापासून न उघडलेली. भार्गवने ती आज मुद्दाम चिठ्ठी पुढे करून ठेवली होती. सोनेरी ठिपका या वेळी रुमालावर पडला नाही. तो त्याच्या सदऱ्यावर, छातीपाशी पडला होता आणि हातांबरोबर हलत होता.

काकूंनी चष्मा सारखा केला. त्यांनी चिठ्ठी पुन्हा पहिल्यापासून वाचली, नाव, लिंग, वय, जणू प्रथमच वाचत आहेत.

"गेला होता का?"

"गेलो होतो."

सोनियाने सुई काढली, कापूस दाबला. काकूंनी हात दुमडून घेतला. त्यांची नजर डबीवरच होती.

"अन् ह्या स्वानंद पी.चं? काय निघालं त्याच्यात?"

सोनियाने मान वर केली. तिला मराठी समजत होते. भार्गवच्या जिभेवर हिंदी आधी आली. हिंदीत ते सोपे होते, तिथे ते रविवारी सात माणसांनी कार्डाच्या क्रमांकासारखे म्हटले होते. त्याने ती गिळली. नळ्या किणकिणत होत्या.

"दारू," तो म्हणाला. "मी दारू पितो, काकू."